सिदबा बेटावर घर घेतो

एका गावात एक भोळा होता. सिदबा त्याचं नाव. गाव कुठलं ते विचारू नका. गावकऱ्यांनी मला हात जोडून सांगितलंय की बाबा, आमचं नाव मध्ये आणू नकोस.

सिदबा भोळा म्हणजे किती भोळा, ते सांगतो. पासपोर्टसाठी फोटो काढायचा होता. फोटोवाल्यानं फोन केला, "दुकान बंद करतोय, असशील तसा ये." सिदबा तेव्हा अंघोळ करत होता. असेल तसा गेला. फोटोवाला भला माणूस, त्यानं गळ्याच्या वरचाच फोटो काढला. बाजारपेठेतल्या लोकांनी मात्र पुरता पाहिला.

त्याची बायको रत्नमाला. बाई हुशार. एवढी हुशार बाई सिदबाच्या गळ्यात कशी पडली, ते तिच्या माहेरच्यांना विचारा. मुलगा शांत आहे, कुणाला उलटून बोलत नाही, एवढंच त्यांनी बघितलं होतं. ते खरंच होतं म्हणा. सिदबानं आयुष्यात कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. जो जे सांगेल त्याला तो म्हणायचा, "बरं."

सिदबाचं द्राक्षाचं रान होतं. त्या रानातून मोठा रस्ता गेला आणि सरकारकडून पैसे आले. आता घरात पैसे आल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? घराचं छप्पर गळत होतं. न्हाणीला दार नव्हतं, पडदा होता. म्हणजे घर दुरुस्त करावं, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्हाला जाऊबाई नाहीत. रत्नमालेला होत्या.

जाऊबाईंनी त्याच रस्त्याच्या पैशातून महाबळेश्वरला फ्लॅट घेतला होता. त्याला त्या 'सेकंड होम' म्हणायच्या. राहायच्या गावातच, पण बोलायच्या सेकंड होमबद्दल. हळदीकुंकवाला बोलावलं की रत्नमालेच्या ओटीत तांदूळ घालता घालता म्हणायच्या, "तुम्हीपण घ्या की एखादं. महाबळेश्वरला नाही झेपलं तर दुष्काळी जतला घ्या."

हे रत्नमालेच्या जिव्हारी लागलं. ती रात्रंदिवस मोबाईलमध्ये डोकं घालून बसली आणि तिला एक बेट सापडलं. भूमध्य समुद्रातलं. पांढरीशुभ्र घरं, निळ्या खिडक्या. बेटाचं नाव असं की जाऊबाईंना जन्मात उच्चारता येणार नाही. मलाही येत नाही, म्हणून सांगत नाही. रत्नमाला म्हणाली, "हेच."

तिनं सगळ्या भावकीत सांगून टाकलं की आम्ही बेटावर घर घेतोय. जाऊबाईंना वास्तुशांतीचं आमंत्रणसुद्धा देऊन टाकलं. जाऊबाईंनी लगेच विमानाची तिकिटं काढली, कारण त्यांचा विश्वास नव्हता. घर घ्यायचं तेवढं बाकी होतं. म्हणजे बघा, घर झालं तर रत्नमाला मान वर करून गावात चालणार. नाही झालं तर रान गेलंच होतं, पैसेही जाणार, आणि वर जाऊबाई समुद्र ओलांडून मजा बघायला हजर.

दोघं बेटावर पोचली. बोटीतून उतरताना रत्नमालेचा पाय मुरगळला आणि सुजून असा झाला की चप्पल चढेना. लॉजमधल्या खाटेवरून ती उठू शकत नव्हती. घरं बघायला सिदबालाच जावं लागणार, हे कळल्यावर तिला पायापेक्षा पोटात जास्त दुखायला लागलं.

तिथली माणसं मराठी कशी बोलत होती, असं मध्येच कुणी विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर ती बोलत होती. नसेल ऐकायची तर घरी जा.

पहिल्या दिवशी निघताना रत्नमाला म्हणाली, "अहो, नीट ऐका. काही आवडलं तरी तोंडावर दाखवायचं नाही. आवडलं की लगेच नावं ठेवायची. भाव आपोआप उतरतो. बैलबाजारात करता की नाही?"

"बरं," सिदबा म्हणाला. "आवडलं की नावं ठेवायची."

खाली दलाल उभा होता. गॉगल डोळ्यांवर न घालता डोक्यावर घालणारा. त्यानं सिदबाला एका म्हाताऱ्या कप्तानाच्या घरी नेलं. घर अंधारं, कोंदट. दलाल म्हणाला, "इथून समुद्र दिसतो." कुठून? तर संडासात स्टुलावर चढलं आणि मान वाकडी केली की खिडकीतून बोटभर निळं दिसायचं. त्याला सी व्ह्यू म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. सिदबाला घर मुळीच आवडलं नाही. म्हणून तो एक शब्द बोलला नाही.

तेवढ्यात कप्तानाची मुलगी कॉफी घेऊन आली. हसतमुख, अदबशीर. कप्तान कौतुकानं म्हणाला, "ही माझी लेक. पुढच्या महिन्यात लग्न आहे. कशी वाटली?"

सिदबाला मुलगी फार आवडली. गुणाची पोर. मग काय, तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "उंची कमी पडते. आता बरी दिसतेय, पण पुढं खर्च काढील. आणि तोंड दक्षिणेला आहे. दक्षिणेला तोंड असलं की आम्ही घेत नाही."

कोपऱ्यात कप्तानाचं वल्हं होतं. बोट नसतानाही ते कसं चालवता येतं, हे त्यानं सिदबाला दाखवलं.

संध्याकाळी रत्नमालेनं विचारलं, "घर कसं होतं?"

"आवडलं नाही."

"मग नावं कुणाला ठेवलीत?"

"पोरीला. पोर फार चांगली होती."

रत्नमालेनं डोक्याला हात लावला. "अहो, असं बोलतात का? कुणी आपलं काही दाखवलं की आपण तोंडभरून कौतुक करावं. म्हणावं, दृष्ट लागेल. म्हणावं, दिवसेंदिवस अशीच वाढू दे."

"बरं. असं आधी सांगायचं," सिदबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दलाल त्याला एका तेलवाल्याकडे घेऊन गेला. त्याचा ऑलिव्हच्या तेलाचा धंदा होता. माणूस सरळ. तो म्हणाला, "मी काही लपवत नाही. ही भिंत बघा. भेग गेलीय, पार छतापासून जमिनीपर्यंत." भेग इतकी रुंद होती की पलीकडच्या घरातला माणूस कुठल्या पायात चप्पल घालतोय ते दिसत होतं.

सिदबा हात जोडून भेगेसमोर उभा राहिला. "वा. काय भेग आहे," तो म्हणाला. "दृष्ट लागेल हो कुणाची. दिवसेंदिवस अशीच वाढू दे." नुसतं बोलून थांबला नाही. भेगेवरून दोन्ही हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

तेलवाला दलालाकडे बघायला लागला. दलाल कसला, एक नंबरचा चालू. त्यानं गॉगल पुसला आणि म्हणाला, "पाहुण्यांना पारख आहे. भेग पुरातन आहे. अशी भेग या बेटावर दुसरी नाही." बिचारा तेलवाला, आदल्या दिवसापर्यंत सरळ होता. त्यानं घराचा एक भाव सांगितला आणि भेगेचा वेगळा. भेगेचा जास्त होता.

संध्याकाळी हे ऐकून रत्नमाला उशीत तोंड खुपसून काय म्हणाली, ते इथं लहान मुलं बसली असल्यामुळे सांगता येत नाही. तोंड बाहेर काढून ती म्हणाली, "भेगेचं कौतुक करणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. अहो, घर बघायला गेल्यावर कुठं भेग दिसो, भोक दिसो, आधी ते बुजवायचं. मग पुढचं बोलायचं."

"बरं," सिदबा म्हणाला. "आधी बुजवायचं, मग बोलायचं." त्यात काय अवघड होतं? सकाळी जाताना त्यानं वाटेतल्या दुकानातून सिमेंट आणि थापी घेतली.

तिसरं घर एका निवृत्त मास्तरांचं होतं. पाहुणे आले म्हणून मास्तर सपाता घालून फाटकापर्यंत आले. दार मागं ओढून घेतलं होतं. फाटकाशी ते आणि दलाल समुद्र दिसतो की नाही यावर वाद घालत बसले. मास्तर म्हणत होते, दिसत नाही. दलाल म्हणत होता, तुम्हाला बघता येत नाही.

सिदबा एकटाच दारापाशी गेला. दाराला बरोबर मध्ये एक भोक होतं. किल्लीचं. त्यानं ते बुजवलं. वर पत्रं टाकायची फट होती. तीही बुजवली. खाली मांजरासाठी पाडलेलं भोक होतं. तिथं सिमेंट जरा जास्त लागलं. दार आणि चौकट यांच्यामध्येही बारीक फट दिसत होती. सिदबा कामाला लागला की अर्धवट ठेवत नाही. त्या बेटावरचं ऊन असं रखरखीत की वाद संपेपर्यंत सगळं दगडासारखं झालं.

आत मास्तरीणबाई मासे तळत होत्या. मासे करपायला लागले, बाई ओरडायला लागल्या, मास्तर दार ढकलायला लागले. शेवटी शेजाऱ्यांनी कुऱ्हाड आणून दार फोडलं. काळ्याकुट्ट धुरातून मास्तरीणबाई बाहेर आल्या तेव्हा सिदबा हात धुऊन तयारच होता. तो म्हणाला, "हं. आता पुढचं बोलू."

पुढचं सगळं मास्तरीणबाई बोलल्या. दलालानं कशीबशी सुटका केली.

त्या संध्याकाळी रत्नमाला रागावली नाही. रागवायला अंगात बळ लागतं. ती म्हणाली, "मी पाया पडते तुमच्या. परक्याच्या घरात कशाला हात लावायचा नाही. गप बसायचं. ते जे देतील तेवढं घ्यायचं."

"बरं. देतील ते घ्यायचं."

चौथं घर एका एकट्या म्हातारीचं होतं. कातीना आजी. पांढरंशुभ्र घर, निळ्या खिडक्या, अंगणात लिंबाचं झाड आणि खाटेवर पडल्या पडल्या समोर समुद्र. स्टूल लागत नव्हतं. कातीना आजी याच घरात लग्न होऊन आली होती. घर विकायचं तिच्या मनात मुळीच नव्हतं, पण नवरा गेल्यापासून हाताशी काही उरलं नव्हतं. तिनं डोळे पुसत सिदबाला बसायला खुर्ची दिली. सिदबा गप बसला. कशाला हात लावला नाही. दलालाला बरं वाटलं. तो बाहेर फोनवर बोलायला गेला.

आजीनं पाणी दिलं. सिदबानं घेतलं. काकडी, चीज, पाव दिला. घेतला. नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढून बघायला दिला. घेतला. "जरा मांजर धरा हो, पायात येतंय," म्हणाली. धरलं. "काठी धरा." धरली. डोळे पुसायला तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, "हा पण धरा." सिदबानं धरला. आता हातात जागा उरली नाही, देणंही संपलेलं दिसलं, म्हणून तो उठला आणि सगळं घेऊन लॉजवर आला. चष्म्याशिवाय आजीला काही दिसत नव्हतं. दलाल फोन संपवून आत येईपर्यंत ती खुर्चीला आपली कर्मकहाणी सांगत होती. पाहुणा फार शांतपणे ऐकतो असं तिला वाटलं.

रत्नमालेनं बघितलं तर दारात सिदबा. काखेत मांजर, हातात काठी, छातीशी एका परक्या पुरुषाचा फोटो. ती काही बोलायच्या आत मागोमाग दलालाचा हात धरून आजी आलीच. रत्नमालेची मान शरमेनं खाली गेली. तिनं एक एक वस्तू परत केली, चष्मा पदरानं पुसून आजीच्या डोळ्यांवर घातला आणि घरून आणलेले मूठभर बेदाणे तिच्या ओंजळीत ठेवले. आजी बेदाणे खात खाटेच्या कडेला बसली. दोघी बोलत राहिल्या. माणसाला माणूस आवडलं की व्यवहाराला वेळ लागत नाही. आजी उठली तेव्हा घर ठरलं होतं. रस्त्याचे सगळे पैसे त्यात जाणार होते, पण घर तसं होतंच.

रत्नमालेनं लगेच जाऊबाईंना फोन केला. म्हणाली, "या. वास्तुशांत नक्की आहे." आयुष्यात इतकं समाधान तिला फोनवर कधी मिळालं नव्हतं.

आता फक्त सही राहिली होती. नोटरीचं ऑफिस डोंगराच्या टोकाला, वर जायला नुसत्या पायऱ्या. रत्नमालेचा पाय अजून टेकत नव्हता. आणि रान सिदबाच्या नावावर होतं, म्हणून घरही त्याच्याच नावावर होणार होतं. जायचं सिदबालाच.

रत्नमालेनं त्याला समोर बसवलं. "काल तुम्ही आपली सगळी लाज घालवलीत. दिलं की घेतलं, दिलं की घेतलं. आपल्यात असं असतं का? चांगल्या घरातला माणूस कसा वागतो? कुणी काही पुढं केलं की आधी नको म्हणतो. पुन्हा दिलं तरी नको म्हणतो. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मगच घेतो. देणारा तिसऱ्यांदा देतोच. कळलं?"

"बरं," सिदबा म्हणाला. "दोनदा नको, तिसऱ्यांदा घ्यायचं." हे त्याला पटलंसुद्धा. लग्नात जिलबी वाढायला येतात तेव्हा तो तसंच करायचा.

नोटरीच्या ऑफिसात पंखा होता, कागद होते आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड होते. पैसे आजीच्या खात्यात गेले. खरेदीखत झालं. पेन टेबलावरच होतं, कुणी पुढे केलं नव्हतं, म्हणून सिदबानं उचलून सही केली. आजी उभी राहिली. तिनं गळ्यातली किल्ली काढली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि सिदबापुढे धरली.

"घ्या. आता घर तुमचं."

"नको, नको," सिदबा म्हणाला.

नोटरीनं चष्म्यावरून बघितलं. दलालाच्या डोक्यावरचा गॉगल आपोआप डोळ्यांवर आला.

"अहो, घ्या," आजी म्हणाली. "पैसे पोचले मला."

"खरंच नको. असू द्या तुमच्याकडेच." आणि सिदबा छान हसला. दोन वेळा झाल्या होत्या. आता तिसरी वेळ आली की हात पुढे करायचा, म्हणून त्यानं हाताची तयारीसुद्धा करून ठेवली.

पण त्या बेटावर लोक विचित्र. तिथं माणूस नको म्हणाला की त्याला नको आहे असंच समजतात. आजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं सिदबाचे दोन्ही गाल धरून मुका घेतला. म्हणाली, "पैसेही दिले आणि घरही दिलं. देवमाणूस आहात." किल्ली पुन्हा गळ्यात गेली. सिदबा हात पसरून उभाच राहिला. आजीला वाटलं, आशीर्वाद देतोय. ती वाकली.

नोटरीनं भराभर दुसरा कागद केला. बक्षीसपत्र. घर आजीला परत. त्यानं पेन पुढे केलं, "सही करा."

"नको," सिदबा म्हणाला.

"करा हो, त्याशिवाय पुरं होत नाही."

"राहू द्या, कशाला."

नोटरीला जेवायला जायचं होतं. तिसऱ्यांदा त्यानं पेन सिदबाच्या मुठीत कोंबलं. आता मात्र आग्रह मोडणं बरं दिसलं नसतं. सिदबानं सही केली.

लॉजवर रत्नमाला खाटेवर बसून रांगोळीचे रंग वेगळे करत होती. "किल्ली?" तिनं हात पुढे केला.

"दोनदा दिली. दोनदा नको म्हणालो," सिदबा म्हणाला. "तिसऱ्यांदा कुणी देईचना. वळणच नाही ग त्यांना. पेनाचा आग्रह मात्र चांगला करतात." आणि त्यानं बक्षीसपत्राची प्रत तिच्यापुढे ठेवली.

रत्नमालेनं कागद बघितला. रंगांच्या पुड्या तशाच मांडीवर राहिल्या. तिनं पदर तोंडावर घेतला आणि रडायला लागली. रान गेलं, पैसे गेले, छप्पर गळतंच राहणार, आणि जाऊबाई विमानात बसल्या होत्या. रात्रभर तिचं रडणं थांबलं नाही. सकाळी सुजलेले डोळे मिटायला लागले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला आता कुणाचं तोंड बघायचं नाही. कुणीही येऊ दे. दार उघडू नका. सांगा, इथं कुणी राहत नाही." आणि कानावर उशी दाबून झोपली.

"बरं," सिदबा म्हणाला. तो दाराला पाठ लावून बसला.

इकडे दलालाला झोप लागली नव्हती. त्यानं आपल्याकडची बरीच गिऱ्हाइकं घरी जेवायला घातली होती. दोनदा नको आणि तिसऱ्यांदा ताट पुढे, हा प्रकार त्याला पाठ होता, पण आठवला रात्री. त्यानं सकाळीच आजीला गाठून समजावलं, "आजी, त्यांच्यात तिसऱ्यांदा द्यावं लागतं." आजी सच्ची बाई. फुकटचं घर तिला पचणार नव्हतंच. ती काठी टेकत टेकत एकटीच लॉजवर आली आणि तिनं दार वाजवलं.

"कुणी आहे का?"

"इथं कुणी राहत नाही," सिदबा आतून म्हणाला.

"किल्ली द्यायला आलेय. घ्या हो, तिसऱ्यांदा सांगते."

"इथं कुणी राहत नाही."

"मग बोलतंय कोण?"

सिदबानं विचार केला. याचं उत्तर त्याला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. तो म्हणाला, "इथं कुणी राहत नाही."

त्या बेटावर माणूस जे म्हणतो ते खरंच धरतात, हे मघाशी सांगितलं. आजीनं सुस्कारा सोडला. "गेले वाटतं आपल्या देशाला. मग मी काय करू ह्या घराचं? देवळाला लिहून देते. बेटावरची बेवारशी मांजरं तरी राहतील. चालेल ना?"

"इथं कुणी राहत नाही," सिदबा म्हणाला.

आजी काठी टेकत वर चढली, नोटरीकडे गेली आणि घर लिहून देऊन मोकळी झाली. दुपारी देवळात तिच्या नावानं घंटा वाजली. त्या घंटेनं रत्नमाला जागी झाली.

"कुणी आलं होतं का?" तिनं विचारलं.

"कातीना आजी आल्या होत्या."

रत्नमाला ताडकन उठून बसली. "कशाला?"

"किल्ली द्यायला. तिसऱ्यांदा. घर नाही घेतलं तर मांजरांसाठी देवळाला देते म्हणाल्या. ती घंटा त्याचीच असेल."

"आणि तुम्ही घेतली नाहीत?"

"कशी घेणार?" सिदबा म्हणाला. "इथं कुणी राहत नाही."